पेठ आणि छावणी

मल्लेश्वरमात राहणाऱ्या मराठी माणसाला काडु मल्लेश्वराच्या देवळाचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांच्या ताब्यात आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये या देवस्थानास गाव इनाम दिल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. हा वारसा आपण मुलाबाळांना आवर्जून सांगतो. परंतु याच शहराच्या इतिहासात तितकेसे गौरवाचे नसलेले आणखी एक प्रकरण आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

१८०९ मध्ये इंग्रजांनी हलसूरनजीक लष्करी छावणी वसविली. १८६२ मध्ये जुन्या पेठेसाठी एक आणि छावणीसाठी एक, अशा दोन स्वतंत्र नगरपालिका स्थापन झाल्या. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत गेले. छावणीचा मुलूख मात्र इंग्रजांनी आपल्याच कारभाराखाली ठेवला. एकाच शहरात रेल्वेची स्थानके दोन, बाजार दोन, अंमलही दोन, आणि मधोमध कब्बन पार्क! पेठेत कन्नड व तेलुगू, तर छावणीत इंग्रजी, तमिळ व उर्दू अधिक कानी पडे. छावणीतही समता नव्हतीच. प्रशस्त रस्त्यांवर गोऱ्यांचे बंगले, तर देशी लोकांची दाट वस्ती ब्लॅकपल्लीत. हीच वस्ती पुढे शिवाजीनगर म्हणून ओळखली जाऊ लागली.

तथापि सारा दोष परकीयांच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. १८९८ च्या प्लेगनंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती झपाट्याने वाढल्या. त्या देशी संस्थानच्या कारभारात आखल्या गेल्या होत्या. तरीही त्यांच्या मूळ आराखड्यात निरनिराळ्या जातिधर्मांसाठी निरनिराळे भाग राखलेले होते. तिकडे वर्ण पाहिला जाई, इकडे जात.

१९४७ च्या जुलैमध्ये छावणीचा मुलूख म्हैसूर संस्थानाकडे परत आला आणि १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका मिळून एक महानगरपालिका झाली. योगायोग असा, की पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, दक्षिण आफ्रिकेने वर्णानुसार वस्त्या अलग करणारा कायदा केला. जी रेषा येथे पुसली गेली, ती तेथे अधिकच ठळक झाली. पिढ्यान् पिढ्या तेथे राहिलेल्या हिंदी लोकांनाही त्यापायी घरेदारे सोडावी लागली. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला, १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले, आणि १९९६ च्या राज्यघटनेने अकरा भाषांना राजभाषेचा मान दिला. एवढे होऊनही जुन्या वस्त्या बहुतांशी जेथल्या तेथेच राहिल्या. कायदा एका दिवसात रद्द करता येतो. घर, शाळा आणि सोयरीक यांतील अंतर मात्र त्याने आपोआप मिटत नाही.

आपल्या मंडळापुढचा प्रश्न याहून फार निराळा नाही. परमुलखात आपली भाषा, आपले सण आणि आपले नाटक जपण्यासाठी मंडळे निघाली, आणि ते कार्य आवश्यकच आहे. पण मंडळाचा उंबरठा निराळा आणि छावणीची सीमा निराळी. उंबरठा ओलांडून शेजारी आत यावा, आपणही त्याच्याकडे जावे, अशी अपेक्षा असते. ज्या भूमीने आपणांस आश्रय दिला तिची कन्नड भाषा आपल्या किती घरांत सहजतेने वाचली जाते? मंडळाच्या कार्यक्रमास किती कन्नड, तमिळ, उर्दू भाषिक शेजारी अगत्याने बोलावले जातात?

गुढीपाडवा आणि युगादी हे सण एकाच दिवशी येतात. पुढील पाडव्यापासून हा सण शेजाऱ्यांसह एकत्र साजरा करावा आणि मंडळात मराठीच्या वर्गाबरोबरच कन्नडचाही वर्ग सुरू व्हावा, अशी सूचना आम्ही सभासदांपुढे विचारार्थ ठेवतो.