दुसरी किल्ली कोणाकडे?

एअरबीएनबीवर घर बुक केलं की आदल्या दिवशी मालकाचा एक मेसेज येतो. दाराचा कोड अमुक, आणि तो नाही चालला तर हा दुसरा. आपण पहिला कोड जपून ठेवतो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. या वीकेंडला मी त्या दुसऱ्या कोडबद्दलच लिहिणार आहे, कारण कुलपांचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं की खरी गोष्ट सगळी तिथेच आहे.

सुरुवात करू १८१८ पासून. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये पोर्टस्मथच्या गोदीत चोरी झाली होती. सरकारने जाहीर केलं की मूळ किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप बनवा आणि १०० पौंड घ्या. जेरेमाया चब या गृहस्थाने ते बनवलं. त्याची गंमत अशी, की कोणी तारेने उघडायचा प्रयत्न केला आणि आतली एखादी पट्टी जरुरीपेक्षा जास्त उचलली गेली, की कुलूप जाम व्हायचं. म्हणजे आपल्या भाषेत 'टू मेनी अटेम्प्ट्स, अकाउंट लॉक्ड' :) मग ते परत चालू कसं करायचं? त्यासाठी सुरुवातीच्या कुलपांबरोबर एक वेगळी किल्ली मिळायची. बॅकअपची ही बऱ्यापैकी जुनी आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

पुढे १८५१ साली लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने हेच चबचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं. कसं? तर त्या जाम होणाऱ्या यंत्रणेचाच वापर करून. कुठली पट्टी किती उचलली की जास्त होते, हे ती यंत्रणाच त्याला सांगत होती! इथून पुढे जे काही सांगणार आहे, त्याचं सार या एका प्रसंगात आहे. अडलेल्या मालकासाठी जी वाट ठेवली, तीच चोराला सापडली.

आता हॉटेलांकडे येऊ. जुन्या हॉटेलात पितळी किल्ली आणि तिला खोलीचा नंबर कोरलेला भलामोठा बिल्ला असायचा. किल्ली हरवली तर सापडणाऱ्याला हॉटेल आणि खोली दोन्ही आयतं कळायचं. शिवाय कोणत्या पाहुण्याने डुप्लिकेट करून नेली, याचा पत्ता नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ वेस्टबरी इथल्या एका मोटेलमध्ये प्रसिद्ध गायिका कॉनी फ्रान्सिस यांच्यावर खोलीत शिरून बलात्कार झाला. दाराचं कुलूप बाहेरून सहज उघडता येण्यासारखं होतं. त्यांनी दावा लावला आणि १९७६ मध्ये ज्यूरीने त्यांना २५ लाख डॉलर देवविले. हॉटेलवाल्यांना पहिल्यांदा कळलं की कुलूप ही फर्निचरची नाही, जबाबदारीची बाब आहे.

या घटनेने अस्वस्थ झालेल्या टोर सोर्नेस या नॉर्वेजियन माणसाने भोकं पाडलेल्या प्लास्टिक कार्डाने उघडणारं कुलूप काढलं. ३२ जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. दोनचा बत्तिसावा घात करा, सुमारे ४२९ कोटी. पण माझ्या मते मोठी गोष्ट आकडा नव्हती. मोठी गोष्ट ही, की प्रत्येक पाहुण्याला नवीन किल्ली देता येऊ लागली आणि जुन्या पाहुण्याची किल्ली मेली.

पण हॉटेल म्हटलं की सफाई आली, आग लागण्याची शक्यता आली, आत बेशुद्ध पडलेला पाहुणा आला. म्हणजे मास्टर की आली. २००३ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवलं की साध्या यांत्रिक मास्टर की पद्धतीत एका खोलीची किल्ली आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या असल्या की अख्ख्या इमारतीची मास्टर की शोधता येते. पाच पिना आणि प्रत्येकीच्या दहा उंच्या धरल्या तर एकूण शक्यता १ लाख. पण एकेक पिन वेगळी तपासता येत असल्याने प्रयत्न लागतात जास्तीत जास्त ४५!! पासवर्डचं एकेक अक्षर बरोबर आहे का ते सर्व्हर सांगत बसला तर काय होईल, तसंच हे.

इलेक्ट्रॉनिक आलं म्हणून सुटलो का? नाही. २०१२ मध्ये कोडी ब्रोशस याने ब्लॅक हॅट परिषदेत ऑनिटी कंपनीचं हॉटेलचं कुलूप स्वस्तातल्या मायक्रोकंट्रोलरने उघडून दाखवलं. वापरलं काय, तर कुलपाच्या खालच्या बाजूचं छोटं भोक. ते भोक हॉटेलच्या माणसाने आपलं यंत्र लावून कुलूप प्रोग्रॅम करावं म्हणून ठेवलेलं होतं. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये खोल्यांमधून चोऱ्या झाल्याच. २०२४ च्या मार्चमध्ये साफलॉक कुलपांची कथा बाहेर आली: १३१ देश, १३ हजार जागा, ३० लाखांहून जास्त दारं, आणि उघडायला दोन बनावट कार्डं पुरे.

भाड्याच्या घरांचा प्रश्न मात्र उलटा आहे. तिथे रिसेप्शन नाही. आपल्याकडे दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. काकू तोंड बघून ओळखतात, नवखा दिसला तर दहा प्रश्न विचारतात. याहून चांगलं ऑथेंटिकेशन मी अजून पाहिलेलं नाही. परगावच्या फ्लॅटमालकाकडे काकू नाहीत, म्हणून कीपॅडचं कुलूप. ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट या अमेरिकन कंपनीने एका मॉडेलचं फर्मवेअर चुकून दुसऱ्या मॉडेलच्या कुलपांना पाठवलं. सुमारे ५०० कुलपं कोडला जुमानेनात आणि ती इंटरनेटवरून दुरुस्तही होईनात. त्यातली बरीच एअरबीएनबीच्या घरांची होती. अशा वेळी बॅकअप कोड असून काय उपयोग? कीपॅडच मेला होता. कामाला आली ती साधी धातूची किल्ली, तीही ज्याच्या हाताशी होती त्याच्या.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, बॅकअप मूळ वाटेपेक्षा वेगळ्या कारणाने बंद पडणारा हवा. वायफाय गेलं तर ऑफलाइन कोड चालेल. त्यासाठी कुलपात एक घड्याळ आणि एक गुपित आकडा असतो, सर्व्हरकडेही तोच आकडा असतो, आणि दोघं न बोलता एकच उत्तर काढू शकतात. बँकेच्या ओटीपी टोकनचा हा चुलतभाऊ. पण बॅटरी गेली तर कोणताच कोड चालत नाही. म्हणून काही कुलपांना खाली ९ व्होल्टची बॅटरी टेकवायला दोन टोकं असतात.

दुसरी जास्त महत्त्वाची. दारात सामान घेऊन रात्री दोन वाजता अडकलेला पाहुणा आणि आत झोपलेला पाहुणा, दोघांचा हक्क एकाच कोडवर आहे. पहिल्यासाठी कोड कायम चालू हवा, दुसऱ्यासाठी तो कोणालाच माहीत नको. बहुतेक मालक पहिल्याचाच विचार करतात आणि एक चार आकडी कोड वर्षभर तसाच ठेवतात. चार आकडी म्हणजे १० हजार शक्यता. कीपॅडवरची चार बटणं झिजलेली दिसली तर उरतात फक्त २४. आणि आधीच्या पाहुण्यांना अंदाज करण्याचीही गरज नाही, त्यांच्या फोनमध्ये तो मेसेज आहेच. सोर्नेसने १९७० च्या दशकात सोडवलेला प्रश्न आपण आरामात परत आणून ठेवला.

तेव्हा कोणी घर भाड्याने देत असाल तर बॅकअप कोड वापरला गेला की बदला, आणि वापरला गेल्याचं तुम्हाला कळेल अशी सोय करा. एक धातूची किल्ली जवळच्या माणसाकडे ठेवा. पाहुणे म्हणून जात असाल तर कोडांचा विचार करत बसू नका. रात्री दाराची आतली कडी लावा. तिला बाहेरून कोड नाही, ॲप नाही आणि फर्मवेअर अपडेटही नाही. :)