दिव्यांग बालकांचे पुनर्वसन, महाराष्ट्रातील

दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा बुद्धी यांत जन्मतः अथवा बालपणी उणीव निर्माण झालेल्या मुलांना उपचार, शिक्षण व कुटुंबाचे साहाय्य यांच्या आधारे शक्य तितके स्वावलंबी करण्याचे कार्य. महाराष्ट्रात या कार्याचा आरंभ धर्मादाय संस्थांनी केला, त्याला नवी दिशा पालकांनी दिली आणि कायद्याचे अधिष्ठान त्यानंतर लाभले.

ऐतिहासिक आढावा : मूकबधिर मुलांची शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास निघाली. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून प्रसिद्धी पावली. या शाळांनी मुलांना अक्षरज्ञान व हस्तव्यवसाय दिले; परंतु वसतिगृहामुळे मूल घरापासून दुरावत असे.

पुढील महत्त्वाच्या संस्था पालकांच्या गरजेतून जन्मल्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी वकील दांपत्याने १९४४ मध्ये मुंबईत शाळा काढली. तिचे मूळ त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या शिक्षणात होते. मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातेमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि शिक्षण व उपचार एकाच छताखाली आणले.

उपचार व कुटुंब : सेरेब्रल पाल्सीत मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायू ताठ किंवा सैल राहतात व हालचालींवर ताबा राहत नाही. भौतिकोपचाराने बसणे, उभे राहणे व तोल सांभाळणे शिकवितात. व्यवसायोपचाराने जेवणे, कपडे घालणे यांसारखी दैनंदिन कामे, तर वाचोपचाराने गिळणे व बोलणे सुधारण्याचा प्रयत्न होतो. पहिल्या काही वर्षांत मेंदूची जुळवून घेण्याची क्षमता मोठी असल्याने लवकर निदान हितकारक ठरते. उपचारतज्ज्ञाचा सहवास आठवड्यातून थोडाच वेळ लाभतो. उरलेला सर्व वेळ मूल घरी असते. म्हणून मुलाला कसे उचलावे, कसे बसवावे, घास कसा भरवावा हे आईवडिलांना व आजीआजोबांना शिकविणे हा उपचाराचाच भाग होय.

ग्रामीण भाग : वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावात या कार्याची खरी कसोटी लागते. १९९८ पर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यात असल्याने जिल्हा पातळीवरील सेवेसाठी अकोला गाठावे लागे. वाशीम जिल्हा झाल्यावर जिल्ह्याचे ठिकाण बदलले. तरी हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला नियमित उपचारासाठी दर खेपेस एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. त्यामुळे २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात होणारी अंगणवाडी व शाळांतील तपासणी, विशेष शिक्षकांच्या गृहभेटी आणि ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठी राखावयाचा स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी यांचे मोल गावात अधिक आहे.

कायदा व उरलेला प्रश्न : १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. त्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठराव्या वर्षानंतरचा प्रश्न मात्र बिकट आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन वाढविले. त्याबद्दल २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांना अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृह सोडावे लागू नये, ही त्यांची दीर्घकालीन मागणी आहे. घर असलेल्या मुलांच्या आईवडिलांनाही ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा प्रश्न पडतोच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे; परंतु पालकत्वाचा कागद प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या माणसाची उणीव भरून काढू शकत नाही.