पाटी कुणी लावायची?

पाटी समजून घ्यायची तर आधी तिच्या मागे जाऊन उभं राहावं. मुलुंडला लाल बहादूर शास्त्री मार्गावर किंवा बोरिवलीला एस. व्ही. रोडवर रहदारीची एखादी नियमातली पाटी शोधा. पुढून लाल, पांढरी, निळी अशी झगझगीत असलेली पाटी मागून करड्या रंगाची असते. खांबाला काळे-पांढरे पट्टे असतात. प्रत्येक पट्टा २५ सेंटिमीटरचा, आणि जमिनीलगतचा पट्टा काळाच. पाटीची कड फुटपाथच्या कडेपासून निदान ६० सेंटिमीटर आत, म्हणजे वळणाऱ्या बसचा आरसा तिला लागत नाही. खालची बाजू साधारण दोन मीटर वर, म्हणजे उंच माणसाचं कपाळ शाबूत राहतं. हे सगळं रंगाऱ्याच्या मर्जीने झालेलं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ६७’ या संहितेत १९७७ साली ते छापलं गेलं. ती संहिता पुढे वेळोवेळी सुधारली, अलीकडे २०२२ साली.

आता चार पावलं पुढे चला. तिथे दुसरी पाटी दिसेल. गंजका पाइप, पट्टे नाहीत, सनबोर्डवर चिकटवलेलं ‘नो पार्किंग’, आणि खाली पेस्ट कंट्रोलवाल्याचा मोबाइल नंबर. उपनगरात पाट्यांची अशी दोन घराणी शेजारी शेजारी नांदतात, एक सरकारी आणि एक खासगी. दुसऱ्या घराण्याला आपण उपरं समजतो, पण वंशावळ काढली तर थोरलं तेच निघतं.

रस्त्यावर धोक्याची पाटी लावण्याची कल्पना सरकारला सुचलेली नाही. ती सायकलवाल्यांना सुचली. १८८०च्या आसपास इंग्लंडमध्ये उंच चाकांच्या सायकली तीव्र उतारावर माणसाला तोंडघशी पाडत. तेव्हा तिथल्या सायकल संघटनांनी वर्गणी काढून टेकड्यांच्या माथ्यावर ‘हा उतार धोक्याचा आहे’ असे फलक उभे केले. मोटार आल्यावर फ्रान्समध्ये मिशलँ या टायर कंपनीने १९१० पासून गावांना फलक भेट द्यायला सुरुवात केली. गावात शिरताना ‘कृपया हळू’, बाहेर पडताना ‘आभार’, आणि त्याच फलकावर कंपनीचं नाव. गाव सुरक्षित झालं, जाहिरात फुकटात झाली. आपल्या सोसायट्यांच्या फाटकांवर क्लासवाले, दवाखाने आणि इस्टेट एजंट ज्या ‘नो पार्किंग’च्या पाट्या फुकट टांगून जातात, त्यांचं कूळ थेट इथपर्यंत पोचतं. नुसतं ‘कृपया’ तेवढं गळलं आणि त्या जागी ‘टायरमधील हवा काढण्यात येईल’ आलं.

सरकार उशिरा जागं झालं. ब्रिटनमध्ये १९०३चा मोटार कायदा झाला आणि १९०४ साली खुणा ठरल्या. मनाईला लाल तबकडी, वेगमर्यादेला पांढरं कडं, धोक्याला पोकळ लाल त्रिकोण. पॅरिसला १९०९ साली काही देश एकत्र आले आणि त्यांनी चारच चित्रं मान्य केली: उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. त्या काळी मोटारवाल्याच्या जिवाला एवढीच भीती होती. पादचारी त्या यादीत नाही, शाळाही नाही. या पहिल्या पाट्या गाडी वाचवायला निघाल्या होत्या, माणूस नंतर आला. आजही अंधेरी-कुर्ला रोडवर पायी चालणाऱ्याला हा क्रम वेगळा सांगावा लागत नाही.

मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. मोटारमालकांच्या अशा संघटना जगभर जी कामं करत, त्यात नकाशे छापणं, वाटेत बंद पडलेल्या गाडीला मदत करणं आणि वाटाडे फलक उभारणं ही प्रमुख असत. म्हणजे ज्याच्याकडे गाडी, त्याचीच वर्गणी आणि त्याचीच पाटी. बैलगाडीवाला आणि टांगेवाला यांना त्या पाट्या वाचता येत होत्या का, हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही.

इथे गोष्टीत एक मराठी माणूस येतो. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर आपल्याला आठवतात ते कायदेपंडित म्हणून आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून. पण १९२७ साली रस्त्यांचा विचार करायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९२८ साली आला. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर लावून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभा राहिला आणि १९३४च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. खांबाचा खालचा पट्टा काळा असावा हे सांगणारी ती हीच संस्था. रस्त्याचे अभियंते एकत्र बसून देशभर एकच माप, एकच रंग, एकच आकार ठरवू लागले. ब्रिटिश आमदानीत प्रत्येक प्रांत आपापल्या तऱ्हेने चालत होता, तिथे हे लहान काम नव्हतं. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने मग पाट्यांची चित्रं थेट कायद्याच्या परिशिष्टात नेऊन बसवली. त्या दिवसापासून पाटी हा हुकूम झाला.

पण तेव्हा आजचं उपनगर होतं कुठे? घाटकोपर-किरोळची आपली वेगळी नगरपालिका होती. अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, भांडुप १९५० साली मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. तोवर गावांमधून दोन मोठे रस्ते जात होते, पश्चिमेचा घोडबंदर रोड आणि पूर्वेचा आग्रा रोड. त्यांना दिशादर्शक फलकाची फारशी गरज नव्हती, कारण रस्ता कुठे जातो ते नावातच होतं. पुढे ते स्वामी विवेकानंद मार्ग आणि लाल बहादूर शास्त्री मार्ग झाले. आदर योग्यच, पण दिशा सांगायचं काम नावाने सोडलं आणि ते पाटीच्या गळ्यात पडलं. जोगेश्वरी-विक्रोळी किंवा घाटकोपर-मानखुर्द या जोडरस्त्यांनी जुनी रीत पाळली आहे. त्यांची दोन्ही टोकं नावातच कळतात.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ ब्रिटिश वळणाच्याच पाट्या चालल्या. जगात मात्र चित्रांची भाषा एकसारखी होत होती. जिनिव्हाला १९३१ साली त्रिकोण म्हणजे धोका आणि वर्तुळ म्हणजे आज्ञा ही विभागणी बहुतेक पक्की झाली. व्हिएन्नाला १९६८ साली ती आणखी घट्ट झाली आणि भारत १९८० साली त्या करारात सामील झाला. दरम्यान ब्रिटनने स्वतःच्या जुन्या पाट्या मोडीत काढून १९६५ पासून नव्या आणल्या. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी त्या रचल्या होत्या. शाळेजवळच्या पाटीवर लहान मुलाचा हात धरून निघालेली मुलगी कॅल्व्हर्टने स्वतःच्या बालपणीच्या रूपावरून काढली. आपल्याकडे दादरला २०२० साली पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये फ्रॉकातली बाई दिसली तेव्हा केवढी चर्चा झाली! बोरिवली-मुलुंडकडे ती अजून फारशी सरकलेली नाही.

आकारांचं तर्कशास्त्र मात्र एकदा कळलं की विसरत नाही. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो. लाल कडं मनाई करतं. निळं वर्तुळ सक्ती करतं. निळा चौकोन किंवा आयत नुसती माहिती देतो. उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या, आणि अष्टकोन म्हणजे थांबा. हे दोन आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, म्हणजे चिखलाने माखले किंवा पाठमोरे दिसले तरी ओळखता यावेत. अष्टकोन अमेरिकेतून आला. जितक्या बाजू जास्त तितका धोका मोठा, असा १९२०च्या दशकातल्या तिथल्या अभियंत्यांचा हिशेब होता. गंमत म्हणजे तिथली ‘थांबा’ पाटी १९५४ पर्यंत पिवळी होती, कारण उन्हात टिकेल असा लाल रंगच हाती नव्हता. लाल रंगाची ही खोड अजून पुरती गेलेली नाही. आपल्याकडच्या स्वस्त पाट्यांवरचं लाल कडं उन्हात पहिलं उडतं. मग उरतो एक गुलाबीसर पांढरा गोल, ज्याला कुणी जुमानत नाही.

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेसाठी सगळे ही चित्रं पाठ करतात. परीक्षा संपल्यावर निळ्या तबकडीवर एक तिरकी लाल रेघ आणि फुलीच्या दोन रेघा यांतला फरक किती जणांना सांगता येतो? एक रेघ म्हणजे गाडी लावून जाऊ नका. फुली म्हणजे थांबूसुद्धा नका, माणूस उतरवायलाही नाही. रिक्षावाल्यापासून शाळेच्या बसपर्यंत सगळे दोन्हींना ‘नो पार्किंग’च म्हणतात आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणून फुलीखालीच थांबतात.

आता खरेदी. सोसायटीच्या सभेत ठराव होतो, ‘आवारात वेगमर्यादेची पाटी लावावी’, आणि सेक्रेटरी निघतो रेडियमवाल्याकडे. अंधाऱ्या रस्त्यावर हेडलाइट पडला की चमकणारा प्रत्येक कागद आपल्याकडे रेडियमच. मूळ रेडियमशी त्याचा काही संबंध नाही. त्या कागदात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक बसवलेले असतात आणि ते प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. अमेरिकेत मिनेसोटाच्या थ्रीएम कंपनीने १९३९ साली मण्यांचा कागद लावलेली पहिली पाटी रस्त्यावर उभी केली. लोलकांचा कागद बराच नंतरचा. दुकानात तीन जाती मिळतात: साधा ‘ई.जी.’, मग ‘एच.आय.पी.’ आणि सगळ्यात वर ‘डायमंड’. साध्या कागदाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, भारी कागद जवळून पाहिला की जाळी दिसते. दुकानदारावर विसंबायचं नसेल तर दुकानातला दिवा बंद करायला सांगा. मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि आठ-दहा पावलं मागे जा. चांगला कागद तिथूनही पेटल्यासारखा दिसतो, तिरकं उभं राहिलं तरी. टॉर्च कमरेशी नेला की तीच पाटी विझते, कारण प्रकाश कमरेकडेच परत जातो. ट्रकचालकाचे डोळे हेडलाइटपासून बरेच वर असतात, त्यामुळे त्याला पाटी कारवाल्यापेक्षा मंद दिसते. भारी कागदाला जास्त पैसे मोजायचे ते याचसाठी.

कागदाखाली काय आहे तेही विचारा. सनबोर्ड एका पावसाळ्यात फुगतो. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत गंजतो. अ‍ॅल्युमिनियम उत्तम: ६० सेंटिमीटरपर्यंतच्या पाटीला दीड मिलिमीटर जाडी पुरते, त्याहून मोठीला दोन हवी. फक्त भंगारात अ‍ॅल्युमिनियमला भाव चांगला येतो, हे पाटी चोरणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून हल्ली ए.सी.पी. शीटकडे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ थरांत प्लास्टिक भरलेल्या पत्र्याकडे, कल आहे. तिला भंगारवाला फारसं विचारत नाही.

फाटकाच्या आत ही खरेदी तुमची आणि अधिकारही तुमचा. फाटकाबाहेर मात्र १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ११६ उभं असतं. राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेने लावल्याशिवाय किंवा लावू दिल्याशिवाय रस्त्यावर वाहतुकीची पाटी उभी करता येत नाही. मुंबईत याचा व्यवहार असा: हुकूम वाहतूक पोलिसांचा, खांब आणि खर्च महापालिकेचा. त्यामुळे अर्ज दोन ठिकाणी करावा लागतो, एक वाहतूक चौकीत आणि दुसरा वॉर्ड ऑफिसात. घाटकोपरला एन, मुलुंडला टी, बोरिवलीला आर-मध्य. पूर्व आणि पश्चिम या दोन्ही द्रुतगती मार्गांवर तर २०२२च्या नोव्हेंबरात महापालिकेकडे ताबा येईपर्यंत एमएमआरडीए होती, त्याआधी सार्वजनिक बांधकाम खातं. पाटी वाकली तर पत्र कुणाला लिहायचं, हे दर काही वर्षांनी नव्याने शिकावं लागलं.

फाटकाबाहेर लोक रबरी स्पीड ब्रेकरही विकत आणून ठोकतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापातला उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि त्याच्या ४० मीटर आधी सूचना देणारी पाटी लागते. बाजारातला रबरी पट्टा जेमतेम वीतभर रुंद असतो आणि पाटी कुणी आणतच नाही. रात्री स्कूटरवाला आधी आपटतो, मग त्याला कळतं.

कलम ११६ मध्ये आणखी एक तरतूद आहे. वाहतुकीची पाटी झाकणारी, तिच्यासारखी दिसून फसवणारी किंवा चालकाचं लक्ष विचलित करणारी जाहिरात पोलिसांना काढून टाकता येते. ही तरतूद नीट वापरली असती तर आपल्या नाक्यांवरचे वाढदिवसाचे निम्मे फ्लेक्स उरले नसते. खासगी घराण्याने किती डोकं वर काढलं ते घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी दिसलं. छेडा नगरला पूर्व द्रुतगती मार्गालगत पेट्रोल पंपावर कोसळलेला जाहिरात फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०. सतरा माणसं गेली. त्याच रस्त्यावरच्या वेगमर्यादेच्या तबकड्या त्याच्यापुढे नखाएवढ्या. डोळ्यांसाठी एवढी असमान लढत असेल तर पाटी पाळली जात नाही म्हणून चालकाला एकट्याला दोष देता येत नाही.

कलम ११६ मध्येच शेवटाकडे आणखी एक गोष्ट आहे, ती आवारात गाड्या ठेवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी. चुकून गाडी लागून पाटी निकामी झाली तर चालकाने लवकरात लवकर, आणि कसंही झालं तरी २४ तासांच्या आत, पोलिसांना कळवायचं असतं. मुलुंडच्या गल्लीत रिव्हर्स घेताना टेम्पोने खांब वाकवला की वॉचमन तो हाताने सरळ करतो. पाटीचं तोंड भिंतीकडे फिरतं आणि करडी पाठ रस्त्याकडे येते. तक्रार कुणीच करत नाही. यंदा आमच्या शेजारच्या सोसायटीने मात्र केली: टेम्पोचा नंबर, खांबाचा फोटो आणि एन-टी-आर यांतला आपला वॉर्ड कुठला ते बघून दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर पोचपावतीचा शिक्का मिळाला आहे.