पैसा जात नाही, कागद जातो

परदेशी निघालेल्या मित्रांचा हमखास प्रश्न: इथलं घरभाडं दर महिन्याला तिकडच्या खात्यात कसं न्यायचं? मंडळी, हा प्रश्न आयटीवाल्यांच्या फार आधीचा आहे.

अठराव्या शतकातली बारामती घ्या. कऱ्हेकाठच्या या गावचे बाबूजी नाईक म्हणजे बडे सावकार, पेशव्यांना कर्ज देणारे. (१७४० मध्ये बाजीराव गेल्यावर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी त्यांचंच नाव पुढे केलं होतं!) त्या काळी इंदापूरचा कुणी काशीला राहायला गेला, तर शेताचं उत्पन्न त्याच्यापर्यंत पोचणार कसं? काशी अवधच्या नवाबाकडे, म्हणजे परमुलूखच. थैली घेऊन निघावं तर वाटेत लुटारू.

उपाय हुंडी. इथे सावकाराकडे रुपये भरायचे, तिथला आडत्या कागद पाहून पैसे देणार. दर्शनी असेल तर लगेच, मुदती असेल तर मुदत भरल्यावर. सावकाराची हुंडणावळ वेगळी. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. (बॅकअपचा बॅकअप!) दर वेळी नाणी हलत नसत, दोन वह्यांत नोंदी होत. आजच्या बँकाही मूळात हेच करतात.

फरक एवढाच, तेव्हा सगळी मदार सावकाराच्या पतीवर. पेढी बुडाली की कागद रद्दी. आज मदार कायद्यावर, म्हणजे १९९९ च्या फेमावर. अनिवासी झालात की बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. त्यात जमा होणारं भाडं कर भरून बाहेर नेता येतं. 'ओळखीतून' हुंडीने पाठवणं मात्र आता बेकायदा.

असो. निघण्याआधी बँकेत एक चक्कर माराच.