घरजावयाचा व्हिसा

लग्न कुठे करायचं, हा प्रश्न आमच्या घरांत हॉलचं भाडं आणि मुहूर्त बघून सुटतो. आमचा मात्र व्हिसापाशी अडला.

ती लेस्टरची. तिथेच जन्मली, ब्रिटिश नागरिक. मी कोल्हापूरचा. तिचे वडील आजारी आहेत, त्यामुळे मीच तिकडे जायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मामाला कळल्यावर तो हसून म्हणाला, ‘‘घरजावई होणार म्हण की!’’ सगळे हसले, मीही हसलो. याच शब्दावरून एका देशाने हजारो नवऱ्यांना दारातून परत पाठवलंय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आमच्यापुढे दोन रस्ते होते. पहिला फियान्से व्हिसाचा. आधी तिकडे जायचं, सहा महिन्यांच्या आत लग्न करायचं आणि मग तिथूनच पुन्हा अर्ज करून पुढची परवानगी मिळवायची. या काळात नोकरी करता येत नाही आणि फी दोनदा भरावी लागते. दुसरा रस्ता स्पाउस व्हिसाचा. इथे लग्न करायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, अर्ज करायचा आणि निकाल येईपर्यंत नवरा-बायकोने दोन देशांत राहायचं. व्हिसा मिळाला की ३३ महिने राहता येतं, पहिल्या दिवसापासून काम करता येतं. दोन्हींसाठी तिचं वार्षिक उत्पन्न साधारणपणे २९,००० पौंड तरी असावं लागतं. तिचं त्याहून थोडंसंच जास्त आहे. तिने ओव्हरटाइम नाकारणं बंद केलं.

तिला फियान्से व्हिसा हवा होता. तिच्या वडिलांना लग्नाला हजर राहता आलं असतं. माझ्या आईला लग्न कोल्हापुरात हवं होतं. मी मधे लटकलो होतो आणि रात्री उशिरापर्यंत नियम वाचत होतो. नियम वाचता वाचता त्यांचा इतिहास हाती लागला.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये नियम असा होता: तिथे राहणाऱ्या माणसाच्या भारतीय बायकोला इथूनच प्रवेशाचा दाखला काढून जावं लागे. त्यासाठी मुलाखत आणि महिनोन्महिने थांबणं. पण तिथे जाऊन तीन महिन्यांत लग्न करणाऱ्या वाग्दत्त वधूला असा दाखला लागत नसे. साहजिकच हा रस्ता जवळचा होता. आणि जवळचा रस्ता निवडणाऱ्या प्रत्येक बाईकडे अधिकारी संशयाने बघत: ही खरंच अविवाहित आहे, की बायकोच असून रांग चुकवून आली आहे?

२४ जानेवारी १९७९ रोजी एक ३५ वर्षांची भारतीय शिक्षिका हीथ्रो विमानतळावर उतरली. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाशी तिचं लग्न ठरलं होतं. अधिकाऱ्यांना तिचं म्हणणं पटलं नाही. म्हणून त्यांनी एका पुरुष डॉक्टरकडून तिची ‘कौमार्य चाचणी’ करवली. तिच्याकडून संमतीपत्रावर सही घेतली होती. नाही म्हटलं तर पुढच्या विमानाने परत पाठवतील, अशी भीती असताना केलेली सही. त्यानंतर तिला प्रवेश मिळाला.

१ फेब्रुवारीला ‘द गार्डियन’ने ही बातमी छापली. भारतात संताप उसळला. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांनी निदर्शनं केली. गृहमंत्री मर्लिन रीस यांना ही प्रथा बंद करावी लागली. तेव्हा सरकारने असे प्रकार अगदी तुरळक असल्याचं भासवलं. पुढे २०११ मध्ये इव्हान स्मिथ आणि मारिनेला मार्मो या ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी जुन्या सरकारी फायली धुंडाळल्या. त्यांतून दिसलं की १९७०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय उपखंडातल्या किमान ८० स्त्रियांची अशी तपासणी झाली होती. त्यांतल्या बहुतेकींना तर हीथ्रोपर्यंत जावंही लागलं नाही. दिल्ली आणि मुंबईच्या ब्रिटिश कचेऱ्यांसाठी अर्ज करतानाच त्यांच्यावर ही वेळ आली.

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. त्या बाईने काहीही लबाडी केली नव्हती. कायद्यात दोन रस्ते होते, तिने त्यातला एक घेतला. पण तोच रस्ता का घेतला, याचा जबाब तिच्या शरीराकडून मागितला गेला.

बायकांनंतर पाळी आली नवऱ्यांची. १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने नवे नियम आणले. तिथल्या बाईशी लग्न करणाऱ्या परदेशी पुरुषाने सिद्ध करायचं, की या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही. ‘प्रायमरी पर्पज रूल’ या नावाने हा नियम कुप्रसिद्ध झाला. लग्न खरं असून भागत नसे. मनात काय नव्हतं, तेही सिद्ध करावं लागे. मुलाखतीत कुणी सहज म्हणाला की तिकडे कामही चांगलं मिळेल, तर तेवढ्यावर अर्ज फेटाळला जाऊ शके.

आणि इथेच मला मामाचा तो शब्द पुन्हा भेटला. अधिकाऱ्यांचा एक युक्तिवाद असा असे: तुमच्याकडे मुलगी सासरी जाते, मग हा मुलगा बायकोच्या घरी का निघालाय? रीत मोडतोय, म्हणजे हेतू वेगळा असणार. ज्या घरजावयाला आपण जेवणाच्या पंगतीत चिडवतो, त्याला तिथे पुरावा म्हणून वापरलं गेलं. आपलाच टोमणा, साहेबाच्या शिक्क्यासह.

तीन स्त्रियांनी या भेदभावाविरुद्ध थेट स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय गाठलं. पुरुष आपल्या बायकांना आणू शकतात, मग आम्ही नवऱ्यांना का नाही? मे १९८५ मध्ये न्यायालयाने मान्य केलं, की हा लिंगभेद आहे. त्या जिंकल्या. मग सरकारने समानता आणली, पण कशी? नवऱ्यांवरची अट काढली नाही. तीच बायकांवरही लादली. अखेर १९९७ मध्ये लेबर पक्षाचं सरकार आलं आणि जूनमध्ये तो नियम रद्द झाला.

त्यानंतर हेतूची जागा हळूहळू पैशाने घेतली. २०१२ पासून १८,६०० पौंडांची अट आली, एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली. आता कुणी विचारत नाही की तुझं प्रेम खरं आहे का आणि रीतीत बसतं का. म्हणजे विचारतात, पण फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट पाहून बहुधा समाधान होतं. खरी परीक्षा पगाराच्या स्लिपची. हा बदल चांगला की वाईट, मी ठरवू शकलेलो नाही. शरीरापेक्षा बँक स्टेटमेंट तपासलेलं बरं, हे नक्की. पण केअर होममध्ये काम करणाऱ्या किंवा अर्धवेळ नोकरी करून मुलं सांभाळणाऱ्या बाईला हे बरं वाटणार नाही.

त्या रात्री मी तिला फोनवर विचारलं, ‘‘मुलाखतीत विचारलं, इंग्लंडला का यायचंय, तर काय सांगू?’’

‘‘खरं ते सांग.’’

‘‘खरं हेच, की तू तिथे आहेस. पण तिकडे नोकरी मिळाली तर मला आवडेल, हेही खरंच आहे.’’

‘‘मग? दोन्ही खरं असू शकत नाही का?’’

असू शकतं. बहुतेक लग्नांत असतंच. १९८५ मध्ये मात्र हे दुसरं वाक्य आम्हाला महागात पडलं असतं.

आम्ही स्पाउस व्हिसा निवडला. सहा महिने तिच्या घरात, काम करायची परवानगी नसताना आणि पुढचा अर्ज मंजूर होईल या भरवशावर राहायला मी घाबरलो, हे कबूल करतो. तिने ते समजून घेतलं; तिच्या वडिलांनी अजून पूर्ण समजून घेतलेलं नाही. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली तीस दिवसांची नोटीस दिली, कोल्हापुरात नोंदणी झाली. वडिलांनी ते लग्न व्हिडिओ कॉलवर पाहिलं. दहा दिवसांनी ती परत गेली. एवढी किंमत या रस्त्यालाही आहेच.

भारतातून अर्ज करणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी करावी लागते. त्यासाठी मी मुंबईला गेलो. तिथल्या ताईंनी एक कागद पुढे केला, ‘‘संमतीपत्र आहे, इथे सही करा.’’ माझ्यामागे रांग होती. तरी मी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. छातीचा एक एक्स-रे, बस. नको असेल तर उठून घरी जाता आलं असतं. फार तर अर्ज लांबला असता.

मी सही केली. ताई म्हणाल्या, ‘‘श्वास घ्या, धरून ठेवा.’’