ब्रेक लागलाच नाही

१८ एप्रिल २००७. चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या थिएलिंगमधला छिंगहे स्पेशल स्टील हा कारखाना. त्या सकाळी तिथे क्रेनला टांगलेलं सुमारे ३० टन वितळलेलं पोलाद खाली आलं आणि ३२ माणसं गेली. नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नरमध्ये ज्यांचा दिवस विजेवर चालणाऱ्या ईओटी क्रेनखाली जातो, त्यांना ही सकाळ बारकाव्यांसह माहीत असावी असं मला फार मनापासून वाटतं. कारण त्यात परकं असं काहीच नाही. ब्रेकचा ड्रम तोच, शू आणि लायनर तेच, कॉइल तीच, आणि पाळी बदलतानाची गडबडही तीच.

क्रेन घेतली तेव्हा

वितळलेला धातू उचलायला वेगळी क्रेन लागते. तिचा सुरक्षा गुणांक जास्त असतो, ती भट्टीची धग सोसेल अशी बांधलेली असते, आणि एक ब्रेक दगावला तरी भार धरायला दुसरा असतो. छिंगहेच्या चौकशीत आढळलं की तिथे साधी, सर्वसाधारण मालाची ब्रिज क्रेन पोलाद उचलत होती. म्हणजे त्या सकाळच्या घटनाक्रमाची पहिली नोंद खरेदी खात्यात झाली होती.

एकाच ब्रेकवर विसंबण्याची किंमत याआधीही मोजून झाली होती. ३० जुलै १९७३ ला इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या मार्कहॅम कोळसा खाणीत माणसं खाली उतरवणाऱ्या वाइंडरच्या ब्रेकचा एक पोलादी दांडा मोडला आणि १८ खाणकामगार दगावले. सगळा ब्रेक त्या एका दांड्यावर होता.

ब्रेक बसवला तेव्हा

हॉइस्टचा, म्हणजे क्रेनच्या भार उचलणाऱ्या यंत्रणेचा, ड्रम ब्रेक गाडीच्या ब्रेकच्या उलटा चालतो. गाडीत पाय दाबला की ब्रेक लागतो. इथे ब्रेक कायम लागलेलाच असतो. जोरकस स्प्रिंग दोन्ही शू ड्रमवर आवळून धरते, आणि कॉइलला वीज मिळाली की चुंबक आर्मेचर ओढून शू मोकळे करतो. वीज गेली की स्प्रिंग पुन्हा आवळते. म्हणून या ब्रेकवर माणसं विश्वास टाकतात. तो शक्यतो मोटरच्या वेगवान शाफ्टवर बसवतात, कारण तिथे कमी टॉर्कने काम भागतं. गिअरबॉक्सनंतर तोच भार धरायला ब्रेक कितीतरी मोठा लागेल. हॉइस्टसाठी त्याची ताकद पूर्ण भाराला लागेल त्याच्या साधारण दीडपट धरतात.

बसवणाऱ्याचं कसब थोड्या गोष्टींत दिसतं. ड्रम डगमगता नको. दोन्ही शू ड्रमच्या मध्यावर आणि पूर्ण रुंदीने टेकायला हवेत. ब्रेक सुटला की दोन्हीकडे सारखी फट हवी, नाहीतर एक शू घासत राहतो, ड्रम तापतो आणि शूवरचा लायनर चकचकीत होऊन पकड सोडतो. हे सगळं फिटर फीलर गेज घेऊन पाहतो.

पण कॉइलला वीज कुठून द्यायची, हे पॅनलच्या ड्रॉइंगमध्ये ठरतं. वायरिंग असं हवं की मोटरची वीज कुठल्याही कारणाने तुटली तरी त्याच क्षणी ब्रेकचीही तुटेल. छिंगहेच्या क्रेनमध्ये तसं नव्हतं. मोटर बंद पडली तरी ब्रेक उघडाच राहू शकत होता. स्प्रिंगच्या जोरावर उभी असलेली सगळी सुरक्षितता त्या वायरिंगने काढून घेतली होती, आणि खाली उभ्या असलेल्या कुणालाही ते दिसणं शक्य नव्हतं.

पुढचे महिने

चौकशीत ब्रेकचे अनेक भाग आधीपासूनच खराब असल्याचं आढळलं. क्रेन चालवणाऱ्याकडे त्या कामाचा परवाना नव्हता.

ब्रेक एका दिवसात मरत नाही. लायनर झिजतो तसं शूला जास्त अंतर जावं लागतं आणि चुंबकाची फट वाढते. फट वाढली की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते. एसी कॉइल गुणगुणायला लागते, तापते, जळते. दुसरीकडे स्प्रिंग सैलावते, पिन झिजतात, गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल ड्रमवर उतरतं. मग 'हूक सरकतोय' अशी तक्रार येते. कुणीतरी वर चढतं, नट दोन आटे आवळतं आणि खाली येतं. नट आवळला, पण फट सेट केली नाही, तर चुंबकाला ती स्प्रिंग पेलवत नाही. ब्रेक अर्धवट सुटतो, शू घासत राहतात, आणि पंधरवड्यात लायनर आधीपेक्षा वाईट होतो. लायनर एकाच बाजूचा बदलणं, पीस हातात नाही म्हणून काम पुढे ढकलणं, हेही सर्रास चालतं. उत्पादन थांबवायचं नसतं, एवढंच त्यामागचं कारण.

त्याच काळात छिंगहेच्या पॅनलमध्ये एक छोटा सहाय्यक कॉन्टॅक्ट गंजत होता. तो इंटरलॉकचा, कायम जोडलेला राहायला हवा असा कॉन्टॅक्ट होता.

पावणेआठच्या आधी

पाळी बदलत होती. कामाआधीच्या बैठकीसाठी माणसं एका खोलीत जमली होती. पोलाद ओततात त्या जागेपासून ती जेमतेम पाच मीटरवर होती. तेव्हा आपल्या घड्याळात पहाटेचे सव्वापाच वाजत होते; नाशकातली रात्रपाळी अजून मशीनवर होती.

या खोलीवर मी अडून राहतो. क्रेनचा बिघाड ओळखायला तंत्रज्ञ लागतो. पण वितळलेल्या पोलादाच्या वाटेत बैठक घ्यायची नाही, हे कळायला कुणीच लागत नाही. तरी ती जागा ठरली, बहुधा जवळ पडते म्हणून, आणि रोजची झाली.

पावणेआठच्या सुमारास

क्रेन लॅडल, म्हणजे वितळलेल्या पोलादाचं भांडं, घेऊन ओतण्याच्या गाड्याकडे आली. आत सुमारे १,५०० अंश सेल्सिअसचं पोलाद. लॅडल उतरू लागला. भार उतरवताना मोटर त्याला खाली ढकलत नसते, धरून ठेवत असते. दोन-तीन मीटर उरले असताना तो गंजलेला कॉन्टॅक्ट तुटला आणि मोटरची वीज गेली.

आता ब्रेक लागायला हवा होता. पण कॉइलला वीज मिळतच होती, त्यामुळे शू उघडे राहिले. लॅडल स्वतःच्या वजनाने ड्रम, गिअर आणि मोटर फिरवत खाली निघाला.

ऑपरेटरने कंट्रोलर शून्यावर आणला. त्याच्या हातात जे होतं ते त्याने केलं. कॉइलची वीज तुटली, स्प्रिंगने शू ड्रमवर दाबले. पण पकड राहिलीच नव्हती. तीन मीटर मोकळं पडायला पाऊण सेकंदाहून जरा जास्त वेळ लागतो. गिअर फिरवत पडताना थोडा आणखी. तेवढ्यात दुसरा उपाय करायला कुणालाच वेळ नव्हता, आणि दुसरा ब्रेकही नव्हता.

लॅडल गाड्यावर आदळला, जमिनीवर येऊन कलंडला. पोलाद दारा-खिडक्यांतून त्या खोलीत शिरलं.

त्यानंतर

धग इतकी होती की बचाव पथकांना सुरुवातीला जवळ जाता आलं नाही. ३२ मृत्यू, ६ जण गंभीर जखमी. पुढे चीनमध्ये वितळलेला धातू उचलणाऱ्या क्रेनची देशभर तपासणी हाती घेतली गेली आणि त्या कामासाठी खास बांधलेल्या क्रेनचाच आग्रह धरला गेला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या २९व्या कलमाने उचलयंत्रांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी बंधनकारक केली. ती हवीच. पण लायनर बारा महिने थांबत नाही. म्हणून दर पाळीच्या सुरुवातीला भार वीतभर उचलून धरायचा आणि हूक सरकतो का पाहायचं, हा ऑपरेटरचा हक्क मानला पाहिजे. त्यात गेलेली दोन मिनिटं कुणी त्याच्या नावावर लिहू नयेत.

एवढ्याने मात्र छिंगहेच्या वायरिंगचा दोष सापडला नसता. पाळीच्या चाचणीत ऑपरेटर स्वतः कंट्रोलर शून्यावर आणतो, आणि तेव्हा कॉइलची वीज जातेच. उतरताना मोटरचा कॉन्टॅक्टर (तिची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आपोआप पडला तर ब्रेकचा पडतो का, हे क्रेन रिकामी ठेवून, ड्रॉइंग हातात घेऊन, पॅनल उघडून मुद्दाम पाहावं लागतं. सुट्टीच्या एका सकाळी एक इलेक्ट्रिशियन आणि एक फिटर मिळून हे काम करू शकतात. जुनी क्रेन घेताना किंवा पॅनल नवा बसवताना ते केलं का, याची सहीनिशी नोंद मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये मागता येते.