गर्भिणीचा व्यायाम आणि मुसळाचा पूर्वपक्ष

वैद्यकाचीं जुनीं बाडें चाळणारांस हें ठाऊकच असतें कीं, बाडांतील उतारा मूळ ग्रंथाशीं ताडून पाहिल्यावांचून त्यावर विसंबतां येत नाहीं. गर्भिणीच्या शरीरश्रमाविषयीं दोन परस्परविरुद्ध समजुती आहेत. एक, तिनें अंग हलवूंच नये; दुसरी, दळण-कांडण केल्यानें बाळंतपण सुखरूप होतें. दोन्हींस शास्त्राधार सांगतात. आमच्या मतें तो एकीसही नाहीं.

दुसरी आधीं घेऊं. चरकाच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायीं, वेदना सुरू होऊनही प्रसूति न झाल्यास काय करावें याविषयीं कित्येकांचें मत दिलें आहे: स्त्रीनें उठावें, मुसळ घेऊन धान्यानें भरलेलें उखळ वारंवार कांडावें, जांभया द्याव्या, मधून मधून चालावें. येथेंच उतारा तोडला तर मुसळास चरकाची संमति आहे असें वाटेल. परंतु हा पूर्वपक्ष होय. आत्रेय लगेच त्याचा निषेध करतो. दारुण व्यायाम गर्भिणीस सदैव वर्ज्य. त्यांतही प्रसूतिसमयीं धातु व दोष चळलेले असतां मुसळाच्या श्रमानें खवळलेला वायु सुकुमार स्त्रीचा प्राणच घेईल, हें त्याचें कारण. जांभई व चालणें मात्र त्यानें राखून ठेविलें आहे. परमत खोडतांना त्यांतील ग्राह्य अंश न टाकण्याचा हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. दृढबलानें आपण पूर्ण केलेल्या भागांत शारीरस्थान गणलेलें नाहीं. तेव्हां हा वाद ग्रंथाच्या जुन्या थरांतला मानण्यास हरकत नसावी.

पहिल्या समजुतीचा आधार सुश्रुत. त्याच्या शारीरस्थानांतील तिसऱ्या अध्यायांत गर्भिणीस वर्ज्य गोष्टींमध्यें 'व्यायाम' हा शब्द विशेषणावांचून येतो. पण सुश्रुताचा व्यायाम म्हणजे काय, हें सुश्रुतासच विचारलें पाहिजे. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत शरीरास आयास देणारें कर्म तो व्यायाम अशी व्याख्या असून, देहास फार पीडा न देणारें चंक्रमण निराळें सांगून त्याची प्रशंसा केली आहे. अर्थात् व्यायामाच्या निषेधांत साधें फिरणें ओढतां येत नाहीं.

प्रसूतीनंतर आयास टाळावा असें सुश्रुत सांगतो, पण त्यास मर्यादा घालतो. 'अध्यर्धमास' लोटल्यावर सूतिका ही संज्ञा सुटते. कित्येकांच्या मतें आर्तव पुन्हां दिसेपर्यंत ती राहते. अध्यर्ध म्हणजे दीड. आपल्याकडील सव्वा महिन्याशीं तो कोणी जुळवूं नये. उलट पोट बांधण्याची चाल चरकांत स्पष्ट आहे: तूप-तेल चोळून मोठ्या वस्त्रानें उदर वेष्टावें.

अलीकडील वैद्यकासही हा निवाडा एकदम साधलेला नाहीं. अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनें 1985 मध्यें व्यायाम करणाऱ्या गर्भिणीच्या नाडीस मिनिटास 140 ठोक्यांची मर्यादा घातली व 1994 मध्यें ती सोडून दिली. जागतिक आरोग्य संघटनेनें 2018 मध्यें, विशेष धोका नसलेल्या स्त्रीस प्रसूतिवेदनांत हिंडण्याफिरण्यास उत्तेजन द्यावें असें म्हटलें. 2020 मध्यें, वैद्यकीय प्रतिबंध नसल्यास गर्भिणी व प्रसूता या दोघींस आठवड्यास किमान 150 मिनिटें मध्यम श्रम सांगितले. यावरून आत्रेयास सर्व अगोदरच ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. त्याची कारणमीमांसा वायूची आहे, नाडीची नव्हे.

ज्यांच्या संग्रहीं चरकाच्या शारीरस्थानाची पोथी किंवा त्यावरील मराठी टिपण असेल, त्यांनीं मुसळाच्या वाक्यापुढें आत्रेयाचा निषेध आहे कीं गळाला आहे, एवढें पाहून कळविण्याची कृपा करावी.